पोत्याची मान

खोतबाईंच्या दवाखान्यात दोन पाट्या होत्या. एक नियमाची, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी. ती सोनोग्राफीच्या सगळ्याच दवाखान्यांत असते. दुसरी त्यांनी स्वतः करून घेतलेली, ‘लघवीला जाऊन मगच आत यावे’. रंगारी ओळखीतला होता. त्याने चाचरत विचारलं, "बाई, जरा वेगळ्या शब्दांत लिहू का? बरं दिसेल."

बाई म्हणाल्या, "वेगळे शब्द वाचून बायका अर्थ विचारायला येतील. हे वाचून थेट जातील."

मी त्यांच्याकडे बाहेरच्या टेबलावर होते. किहीमहून सकाळी स्कूटरवर अलिबागला यायचं, दवाखाना उघडायचा, आलेल्या बायकांची नावं लिहायची, ओळखपत्रं बघायची, नंबर लावायचे आणि आत तपासणी चालू असताना पेशंटच्या उशाशी उभं राहायचं. घरी नारळी-पोफळीची थोडी वाडी आहे. मुलं मोठी झाली तसा मला दिवसभर वाडीत पाणी सोडत बसायचा कंटाळा आला, म्हणून ही नोकरी धरली. मी डॉक्टर नाही. इथे वैद्यकाचं जे काही लिहीन ते बाईंनी मला समजावलेलं आणि माझ्या डोक्यात शिरलेलं, एवढंच.

त्या पाटीला कारण होतं. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटली की बायका पाणी पितात. सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून बघायला लघवीची पिशवी भरलेली असली तर बरं पडतं, म्हणून कोणीतरी कधीतरी तसं सांगितलं, आणि मग ते सगळ्याच महिन्यांना लागू झालं. श्रीवर्धन, बोर्ली पंचतन, मुरूडकडून येणाऱ्या बाया पहाटे एसटीत बसायच्या, रेवदंड्याला अख्खी बाटली प्यायच्या आणि अलिबागच्या स्टँडवर उतरायच्या तेव्हा त्यांना धड चालता येत नसायचं. पण पाचव्या महिन्यात बाईंना जे बघायचं असे, त्यासाठी पिशवी रिकामी लागायची. गर्भपिशवीला खालच्या अंगाला एक मान असते. बाळ पूर्ण वाढेपर्यंत तिने मिटून राहायचं असतं. ती वेळेआधी आखूड होऊ लागली, तर बाळ लवकर येण्याचा धोका वाढतो. लघवीची पिशवी तुडुंब असली की तिच्या दाबाने ती मान ताणली जाते आणि आहे त्यापेक्षा लांब दिसते. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

म्हणून बाईंनी अलिबागला जागा घेतली तेव्हा मशीन यायच्या आधी संडास बांधून घेतला. गवंडी जिन्याखाली करू म्हणत होता. बाईंनी पुढच्या बाजूची, खिडकी असलेली खोली त्याला दिली. भिंतीला धरायला दांडी, पर्स अडकवायला खुंटी, पदर आणि ओढणी ठेवायला वेगळी खुंटी. रोज सकाळी त्या आधी तिथे डोकावून येत आणि मग देवाला दिवा लावत. आमच्या दवाखान्यातली सगळ्यात महाग वस्तू आतल्या खोलीत होती, पण बाईंचा जीव या पुढच्या खोलीवर होता.

दिसायला बाई उंच, हाडकुळ्या. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. वर्षानुवर्षं त्या हाताने मशीनचा प्रोब, म्हणजे तपासायचा दांडा, धरून तो तसा झाला होता. सुती साडी, पदर पिन लावून घट्ट. दुपारचा ताकभात उभ्यानेच खायच्या, कारण बसलं की खांदा ठणकतो म्हणायच्या. पोटावर लावायच्या जेलची बाटली त्या कायम गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवत. ते पाणी बदलायचं काम माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात मी कौतुकाने म्हटलं, "बायकांची किती काळजी घेता तुम्ही."

"काळजी कसली? गार जेल पडली की बाई दचकते. ती दचकली की पडद्यावरचं सगळं हलतं. मला पुन्हा सुरुवात करावी लागते."

हे त्यांचं नेहमीचं. चांगलं काम करायचं आणि त्याचं कारण सोयीचं सांगायचं.

आतून सोनोग्राफी करायची म्हटली की निम्म्या बायका घाबरायच्या आणि त्यांच्याबरोबरच्या सासवा रागवायच्या. बाई सगळ्यांना सारखंच सांगत, की वरून मान नीट दिसत नाही, आतून दिसते, बाळाला काही होत नाही, नको असेल तर मी तसं लिहून देते. मग गप्प बसत. बहुतेक जणी त्या गप्प बसण्यानेच तयार होत. तपासणी सुरू झाली की बाई थांबत. नुसत्या थांबत. हात हलत नसे, नजर पडद्यावर. मान कधीकधी बघता बघता बदलते, त्यामुळे घाईने मोजलं तर फसायला होतं, असं त्यांचं म्हणणं. बाहेर रांग कुरकुरत असे, मी उशाशी उभी राहून भिंतीवरच्या पालीकडे बघत असे. मग तीनदा मोजायचं आणि त्यातलं सगळ्यात आखूड माप धरायचं.

ही सवय त्यांच्या सगळ्या व्यवहारात उतरली होती. एसटीची वेळ तीन जणांना विचारत आणि सगळ्यात आधीची धरत. कोळणीला "मासळी ताजी आहे का" असं कधी विचारत नसत, "यातली शिळी कुठली ते सांग" म्हणत. कोळीण हसायची आणि खरंच सांगायची.

मला वाटायचं, या बाईंच्या आयुष्यात नक्की काहीतरी घडलं असणार. एखादी पेशंट दगावली असेल, जवळचं कोणी गेलं असेल, त्याशिवाय माणूस एका इंचभर मानेच्या इतका मागे लागत नाही. एकदा धीर करून विचारलं. त्या ताकभात खात होत्या.

"काही घडलं नाही," त्या म्हणाल्या. "वाचलं, पटलं, करायला लागले. प्रत्येक गोष्टीला रडकी कहाणी कशाला लागते, वनिता?"

त्यांचं एक वाक्य मात्र लोकांना फार खटकायचं. तपासणी चांगली निघाली की त्या "आज ठीक आहे" म्हणत. "सगळं नॉर्मल आहे" त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. एकदा एका हायस्कुलातले सर बायकोला घेऊन आले होते. सर अडून बसले. "आज म्हणजे काय, मॅडम? पुढचं काय? तुम्ही एकदा ठाम सांगा, म्हणजे आम्ही निर्धास्त होतो."

"सर, तुम्ही सहामाहीचा पेपर तपासता. पोरगं वार्षिकला पास होईल असं त्यावर लिहून देता का?"

"तसं कसं लिहिणार?"

"मग मला का लिहायला सांगता?"

सर हिरमुसले. जाताना मला म्हणाले, बाई हुशार आहेत, पण बोलणं गोड नाही. मी म्हटलं, गोड बोलणारे पुष्कळ आहेत, तुम्हाला पत्ता देऊ का? मीसुद्धा तोवर बाईंच्या वळणावर गेले होते.

दर्शना आली ती तिच्या सासूबरोबर. खाडीकाठच्या आगरी घरातली. सासरे गेलेले, नवऱ्याचे बंदराकडे ट्रेलर चालतात, तो बहुतेक रस्त्यावर. सासूचं नाव हिराबाई. ठेंगणी, जाड काचेचा चष्मा, बोटं वाकडी. दर्शनाचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं होतं. कळा नाहीत, काही नाही. दुपारी कपडे वाळत घालताना पाठ जड वाटली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. हे सांगताना दर्शना खिडकीबाहेर बघत होती. आता दुसरी वेळ, चौथा महिना संपत आलेला.

हिराबाई म्हणाल्या, "बाय, मागच्या टायमाला बी सोनोग्राफी केलेली. तवा सगला बरोबर सांगितलेला."

"कशी केली होती? पोटावरून?"

दर्शना म्हणाली, "हो. आणि मी दोन बाटल्या पाणी पिऊन गेले होते."

मला वाटलं बाई आता कोणाला तरी झोडपणार. त्या म्हणाल्या, "तेव्हा खरंच ठीक असेल. किंवा ठीक आहे असं नुसतं दिसलं असेल. आता कळायला मार्ग नाही, त्यात वेळ घालवायचा नाही. जाऊन आलीस का?"

"हो, पाटी वाचली."

त्या दिवशी मान चांगली लांब निघाली. "आज ठीक आहे. पंधरा दिवसांनी परत ये."

"ठीक हाय तर परत कशाला?" हिराबाईंनी विचारलं.

"आज ठीक आहे, म्हणून."

हिराबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तुजी बाय येरझाऱ्या घालायला लावते." पण पंधरा दिवसांनी आल्या. त्याबद्दल मी त्यांना नेहमी मानलं.

त्या दुसऱ्या वेळी बाई फार वेळ थांबल्या. मी उशाशी होते. पडद्यावर मला कधीच काही कळत नसे, राखाडी धुक्यात काळे डाग. त्या दिवशी मात्र बाईंचा खांदा कळला. तो आणखी खाली गेला. त्यांनी तीनदा मोजलं. प्रोब बाजूला ठेवला.

"उठ. कपडे नीट कर. तोंडावर पाणी मार. मग खुर्चीत बस, सांगते."

वाईट बातमी त्या आडव्या पडलेल्या बाईला कधी सांगत नसत. माणूस बसलेला असावा, अंगावर कपडे असावेत आणि बरोबर आपलं कोणीतरी असावं, मग सांगायचं. हिराबाईंना मी आत बोलावलं.

बाईंनी दर्शनाला सरळ सांगितलं, की मान आखूड झाली आहे आणि आतल्या बाजूने नरसाळ्यासारखी उघडू लागली आहे. मागचा अनुभव बघता गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागेल, लगेच. दर्शनाने मान डोलावली. हिराबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"हिराबाई, पोती शिवलीत का कधी?"

"मिठागरावं उभा जलम गेला माजा. पोती शिवून शिवून ही बोटां अशी झालीन, बगा."

"मग मला सांगा, पोतं काठोकाठ भरलं तर काय होतं?"

"मान ऱ्हात न्हाय. शिवायला कापडच ऱ्हात न्हाय. शिवलां तरी गाडीत चढवताना सुटतंय."

"आणि मान चांगली लांब ठेवली तर?"

"मग आपटा कसां बी. कायच व्हत न्हाय."

बाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. अंगठा आणि पहिलं बोट यांत अंतर धरलं. "मान एवढी हवी होती." बोटं जवळ आणली. "एवढी उरली आहे."

हिराबाई चष्मा वर करून त्या धुक्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग शिवा. बगत काय बसलांव?"

"मी शिवत नाही. शिवणारे डॉक्टर पलीकडच्या रस्त्याला आहेत. मी मान बघते."

"शिवल्यावं सुटनार न्हाय ना?"

दुसरं कोणी असतं तर नाही म्हणालं असतं. बाई म्हणाल्या, "सुटू शकतं. पण तसंच सोडलं तर सुटायची भीती जास्त आहे."

दुसऱ्या दिवशी टाका घातला. औषधं सुरू झाली. दर चौदा-पंधरा दिवसांनी दर्शना येत होती आणि बाई "आज ठीक आहे" म्हणत होत्या. तेच वाक्य, पण आता ते ऐकून दर्शना बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसायची आणि पाणी मागायची. पूर्वी लोकांना जे कोरडं वाटायचं त्यात पंधरा दिवस पुरतील एवढा दिलासा असतो, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

मधे एकदा दर्शना पाय ओढत आली. बाईंनी विचारलं तेव्हा समजलं, की हिराबाईंनी खाटेच्या पायथ्याला विटा लावल्या होत्या आणि सुनेला डोकं खाली, पाय वर असं दिवसभर झोपवून ठेवलं होतं. फक्त संडासापुरतं उठायचं.

"विटा काढा," बाई म्हणाल्या.

हिराबाई तयारच होत्या. "तुमीच सांगितलांव ना बाय, पोत्यासारखां हाय? मग पोतां उलटां धरलां तर मीठ खाली येल का?"

मला हसू आवरेना. बाईंनी मात्र ते म्हणणं गांभीर्याने घेतलं. "चूक माझी. पोत्याचं उदाहरण मानेपुरतं. त्यापुढे बाई म्हणजे पोतं नाही. सारखी पडून राहिली तर पायांत रक्त गोठायची भीती, अंगातली ताकद जाते, आणि मान काही लांब होत नाही. जड उचलायचं नाही. बाकी घरात हिंडू दे, भाजी चिरू दे, तुमच्याशी भांडू दे."

"भांडतेच ती," हिराबाई म्हणाल्या. विटा त्या दिवशी निघाल्या.

खरी अडचण सातव्यात आली. दर्शनाचं माहेर बोर्ली पंचतनला. तिची आई दवाखान्यात हजर झाली, एका हातात घरच्या नारळांची पिशवी, दुसऱ्या हातात मुलीचा हात. डोहाळजेवण ठरलं होतं, माणसांना सांगून झालं होतं, आणि त्यानंतर मुलगी माहेरीच राहणार होती. पहिलं मूल माहेरी, हे आपल्याकडे कोणी बोलूनही दाखवत नाही, इतकं ठरलेलं असतं.

बाईंनी विचारलं, "बोर्लीला अवेळी कळा सुरू झाल्या तर?"

"गाडी हाय ना घरची. दिघीला जंगलजेट्टीच्या बोटीत गाडी घालायची, खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलं की मुरूड, रेवदंडा, अलिबाग."

"शेवटची जेट्टी गेल्यावर?"

"मग म्हसळ्यावरून फिरून."

"बाळ दीड महिना आधी आलं तर त्याला पहिल्या तासात काचेची पेटी लागू शकते. ती इथे, पलीकडच्या रस्त्याला आहे. तुम्ही म्हसळ्यावरून फिरून येईपर्यंत त्याने काय करायचं?"

आई एकदम म्हणाली, "मागल्या वेळी हिला तिकडं ठेवली, म्हणून गेलं. मी घेऊन गेले असते तर गेलं नसतं. यावेळी माझ्या हातचं खाऊनच बाळंत होऊ दे. मला दुसरं काय न्हाय पायजे."

हिराबाई समोर बसल्या होत्या. हे त्यांच्याच घरावर होतं. मला वाटलं, आता दोघींची जुंपणार. हिराबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

बाईंनी टेबलाचा खण उघडला. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. मागच्या दोन खोल्या, लहान स्वयंपाकघरासकट, बंदच असत. त्यांनी चावी काढून आईच्या समोर ठेवली.

"हातचं खायला हात लागतात. गाव कशाला लागतं? या महिन्याअखेरीपासून तुम्ही दोघी वर राहा. हॉस्पिटल चालत जाण्याएवढं जवळ आहे."

आईने चावीला हात लावला नाही. "परक्याच्या घरात माहेर कसं होईल?"

हे बाईंच्या कामातलं नव्हतं. उत्तर हिराबाईंनी दिलं. चावी उचलून त्यांनी विहिणीच्या पिशवीत, नारळांवर टाकली. "चूल तुजी, भांडी तुजी, पोर तुजी. भिंती तेवड्या बायच्या. भिंतींना काय चाटाचाय?"

असं ते माहेर अलिबागला आलं. बोर्लीची भांडी आली, पाटा-वरवंटा आला, सुक्या माशांचे डबे आले. खालच्या दवाखान्यात रोज अकराच्या सुमाराला फोडणीचा वास यायचा आणि रांगेतल्या बायका मान वर करून बघायच्या. बाईंचा ताकभात बंद झाला. दर्शनाची आई रोज ताट घेऊन खाली येई आणि बाई जेवून संपेपर्यंत समोर उभी राही. दोन दिवसांनी बाई बसून जेवायला लागल्या.

डोहाळजेवण एका रविवारी वरच झालं. माणसं मोजकी. बाईंनी आधीच सांगितलं होतं, अर्ध्या तासाच्या वर तिला पाटावर बसवायचं नाही, आणि त्या घड्याळ बघत दाराशी उभ्या होत्या. सगळ्यांनी ओटी भरली. मग हिराबाई म्हणाल्या, "आता बाय."

"मी नाही. माझं लग्न झालेलं नाही. तुमच्यात चालत नाही." बाई खरंच एक पाऊल मागे सरकल्या. मी त्यांना कशासाठी मागे सरकताना त्याआधी बघितलं नव्हतं.

"आमच्यात काय चालतां तां मी सांगनार का तुमी?" हिराबाईंनी नारळ त्यांच्या हातात दिला. "पोत्याची मान तुमी बगितलांव. वटी बी तुमीच भरायची."

बाईंनी ओटी भरली. तांदूळ निम्मे पाटावर सांडले. नारळ ठेवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अर्धा तास झाला. उठवा तिला."

आठव्यात एका सकाळी दर्शनाचं पोट कडक व्हायला लागलं. बाईंनी खाली आणून बघितलं आणि ताबडतोब पलीकडे पाठवलं. तिकडे बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, पोट सैल पडण्याचं औषध दिलं. आम्ही दवाखान्यात वाट बघत होतो. हिराबाई माझ्या टेबलाजवळ जमिनीवरच बसल्या. खुर्ची दिली तरी बसेनात.

"सातव्यात झालां असतां तर जगलां असतां," त्या पुटपुटल्या. "आठव्याचां जगत न्हाय."

बाई दारातून बाहेर येत होत्या. त्यांनी ऐकलं. रांगेतल्या बायकांनीही ऐकलं होतं, आणि त्यांतल्या दोघी-तिघी मान हलवत होत्या. बाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"हे कोणी सांगितलं? पोटातला प्रत्येक आठवडा बाळाला आधीच्या आठवड्यापेक्षा मजबूत करतो. सातव्यात जे जगू शकतं, ते आठव्यात मधेच कमजोर कसं होईल? पुन्हा हे माझ्या दवाखान्यात ऐकू येता कामा नये." मग आवाज खाली आणून हिराबाईंना म्हणाल्या, "उठा. जमीन गार आहे."

"पन आज कसा हाय तां सांगा."

"आज," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. "आज माहीत नाही. दुपारी सांगते."

दुपारी कळा थांबल्या. टाका धरून राहिला. पुढचे दिवस आम्ही सगळ्यांनीच आठवड्यांच्या हिशोबात काढले. सोमवार उजाडला की दर्शनाची आई वरून जिन्यात येऊन मला सांगायची, "वनिताताई, अजून एक गेला हो."

नववा लागला, टाका काढला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगी झाली. जरा लहानखुरी होती, पण रडली ती हॉस्पिटलच्या पायरीवर ऐकू येईल अशी. दोन दिवस पेटीत ठेवली ती खबरदारी म्हणून. दर्शनाच्या आईने माझ्या हातावर पेढा ठेवला, बाईंच्या ठेवला, आणि म्हणाली, "चला बाई, बघायला."

"नंतर येईन. मी तिला पुष्कळ बघितलंय," बाई म्हणाल्या आणि मला पुढचा नंबर सोडायला सांगितलं. बाळ-बाळंतीण वरच्या खोल्यांत आली तेव्हा मात्र, दवाखाना बंद झाल्यावर, त्या मागच्या खोल्यांच्या दाराशी त्यांच्या चपला बराच वेळ दिसायच्या.

खांद्याने शेवटी हार मानली. हात वर उचलेना तेव्हा बाईंनी मशीन एका तरुण डॉक्टर मुलीला दिलं, आणि तिच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. पाटी काढायची नाही आणि गरम पाण्याचा वाडगा बंद करायचा नाही. मला म्हणाल्या, "तू राहा. ती थांबायला शिकेपर्यंत तरी." मी अजून आहे. ती मुलगी थांबायला शिकली आहे. बाहेर रांग कुरकुरते.

बाई मुंबईला भावाकडे राहायला निघाल्या. मांडव्याहून बोटीने. मी सामान घेऊन बरोबर गेले होते. जेट्टीवर बघते तर हिराबाई, दर्शना आणि तिची मुलगी आधीच उभ्या. मुलगी चार वर्षांची, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि दर्शनाला म्हणाल्या, "हिला आधी घेऊन जा. माझं बोलणं नंतर."

दर्शना हसत तिला घेऊन गेली. हिराबाईंनी पदराखालून एक कापडी पिशवी काढली. पांढऱ्या मांजरपाटाची, नारळाएवढी, मिठाने भरलेली, तोंड सुतळीने शिवलेलं. पोतं नव्हतं, पण पोत्यासारखंच शिवलं होतं, त्या वाकड्या बोटांनी.

"घरच्या मिठागराचां. आता कोन पिकवतंय? थोडां ठेवलेलां."

बाईंनी पिशवी डाव्या हातात घेतली. उजवा हात दुखत असतानाही त्यांनी पुढे आणला. अंगठा आणि पहिलं बोट पिशवीच्या मानेला लावलं आणि थांबल्या, तशाच, पडद्यासमोर थांबत तशा. मागे माणसं खोळंबली होती.

"चांगली लांब आहे," त्या म्हणाल्या.

हिराबाईंनी विचारलं, "आज, का कायमची?"

बाई हसल्या. मोठ्याने, दात दिसतील असं. "कायमची," त्या म्हणाल्या. "लिहून देते."

बोटीवरचा माणूस सगळ्यांचं सामान आत घेत होता. बाईंनी बॅग दिली, छत्री दिली, पर्ससुद्धा दिली. पिशवी दिली नाही. उतरता खांदा सावरत त्या फळीवरून बोटीत गेल्या, एका हाताने कठडा धरून आणि दुसऱ्या हातात ती पिशवी मानेला धरून.